संथ पाण्याखालची युद्धनौका

फिलिपिन्समधील सुबिकच्या बंदरात १९४१ पासून एक युद्धनौका कुशीवर पडून आहे. तिला पाहायला जाणाऱ्या पाणबुड्याची खरी परीक्षा लाटा घेत नाहीत, ती गाळ घेतो.

समुद्राखालच्या जगाचे आपल्या मनातील चित्र बहुधा दूरचित्रवाणीने रंगवलेले असते. निळेशार, नितळ पाणी, तळापर्यंत पोहोचणारे सूर्यकिरण आणि रंगीबेरंगी प्रवाळांमधून फिरणारे मासे, असे ते चित्र. सुबिकच्या बंदरात उतरणाऱ्या पाणबुड्याला यातले फारसे काही दिसत नाही. तरंगत्या बोयाला बांधलेली एक दोरी सरळ खाली गेलेली असते. ती धरून तो उतरू लागतो. वर फिकट हिरवा उजेड, खाली गडद हिरवी सावली आणि मध्ये ती दोरी. सोबत्याचे पाय तेवढे दिसत असतात. पंधरा-अठरा मीटर खाली गेल्यावर त्या हिरव्या काळोखातून एकाएकी एक विस्तीर्ण, फुगीर भिंत वर येते. तिच्यावर कालवे, स्पंज आणि मृदू प्रवाळ यांचा थर चढलेला असतो. ही भिंत म्हणजे सुमारे ११७ मीटर लांबीच्या एका युद्धनौकेची उजवी बाजू. नौका डाव्या कुशीवर निजलेली आहे आणि २४ डिसेंबर १९४१ पासून ती तेथेच पडून आहे.

ही नौका एका नजरेत कोणालाच दिसत नाही. पाणी बरे असेल त्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसते, वाईट असेल त्या दिवशी दोन-तीन मीटरदेखील पुष्कळ वाटतात. त्यामुळे ती तुकड्यातुकड्यानेच पाहावी लागते. इथे तोफेची नळी, पुढे आडवा झालेला डेक, आणखी पुढे एखादे काळे विवर, जे एके काळी दार होते. हे तुकडे मनात जुळवून नौका उभी करायची, ती पाणबुड्याने स्वतःच.

मग दोन प्रश्न साहजिकच पडतात. इतक्या गढूळ पाण्यात लोक मुळात जातात कशासाठी? आणि आठ दशकांहून अधिक काळ पाण्यात राहूनही ही नौका ओळखता येण्याइतकी शाबूत कशी राहिली? दोन्ही प्रश्नांचे उत्तर बंदराच्या संथ पाण्यात आहे. ज्या संथपणाने ही नौका राखली, त्याच संथपणाने तिच्या पोटात गाळ साचवला. आणि तो गाळच आज तिच्या आत शिरणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो.

तीन नावांची नौका

या नौकेचे मूळ नाव 'न्यूयॉर्क'. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे बांधलेली ही चिलखती क्रूझर २ डिसेंबर १८९१ रोजी पाण्यात उतरली आणि ऑगस्ट १८९३ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली. आठ हजार टनांहून अधिक विस्थापन, आठ इंची तोफा आणि ताशी २० सागरी मैलांहून अधिक वेग, ही तिची त्या काळातील मिरवण्याजोगी वैशिष्ट्ये होती.

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा 'न्यूयॉर्क' ही रिअर अ‍ॅडमिरल विल्यम सॅम्पसन यांची ध्वजनौका होती. क्युबातील सँटियागो बंदरात अडकलेल्या स्पॅनिश आरमाराला तिच्यासह अनेक नौकांनी वेढा घातला होता. ३ जुलै १८९८ च्या सकाळी सॅम्पसन भूदलाच्या सेनापतींशी सल्लामसलत करण्यासाठी 'न्यूयॉर्क'मधून काही मैल पूर्वेकडे गेले, आणि नेमके त्याच वेळी स्पॅनिश आरमार बंदराबाहेर पडले! ध्वजनौका माघारी वळली खरी, पण ती पोहोचेपर्यंत लढाईचा निकाल जवळजवळ लागला होता. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढाईला ही नौका उशिरा पोहोचली. विजयाचे श्रेय कोणाचे, यावरून अमेरिकी नौदलात पुढे कित्येक वर्षे वाद धुमसत राहिला.

त्याच युद्धाच्या तहानुसार फिलिपिन्स बेटे स्पेनकडून अमेरिकेकडे गेली. लुझॉन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील, तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या सुबिकच्या उपसागरात स्पेनने १८८५ पासून नौदलाचा तळ उभारायला घेतला होता. तोही अमेरिकेच्या हाती आला. 'न्यूयॉर्क' पुढे आशियाई ताफ्यात वारंवार येत राहिली. दरम्यान तिचे नाव दोनदा बदलले. नव्या नौकांना जुनी मानाची नावे हवी असत, म्हणून १९११ मध्ये ती 'साराटोगा' झाली आणि १९१७ मध्ये 'रोचेस्टर'. १९३३ मध्ये ती सक्रिय सेवेतून निवृत्त झाली आणि १९३८ मध्ये नौदलाच्या यादीतून तिचे नाव वगळण्यात आले. सुबिकच्या उपसागरातील ओलोंगापो येथे ही म्हातारी नौका बांधून ठेवलेली होती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपिन्सवर आक्रमण केले. २२ डिसेंबर रोजी जपानी सैन्याची मुख्य फळी लिंगायेनच्या आखातात उतरली आणि अमेरिकी व फिलिपिनो फौजा बातानच्या द्वीपकल्पाकडे मागे हटू लागल्या. ओलोंगापोचा तळ सोडावा लागणार हे उघड होते. मागे राहणारी वस्तू शत्रूच्या उपयोगी पडू नये, हा युद्धातील जुना नियम. त्यानुसार २४ डिसेंबर रोजी अमेरिकनांनी 'रोचेस्टर'ला स्वतःच्या हाताने जलसमाधी दिली. ज्या युद्धाने ही बेटे अमेरिकेला मिळवून दिली, त्या युद्धातील एक ध्वजनौका ही बेटे सोडून जाताना बुडवावी लागली. इतिहासाने साधलेला हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असाच आहे.

आपलीच जहाजे आपणच बुडवण्याचा हा प्रकार वाचकांना अपरिचित वाटेल. पण तो आपल्या दारातही घडलेला आहे. मार्च १९४३ मध्ये गोव्यातील मुरगाव बंदरात आश्रयाला आलेल्या 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर कोलकात्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी छापा घातला, तेव्हा जहाजे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जर्मन आणि इटालियन खलाशांनी ती बंदरातच बुडवली होती. खुद्द सुबिकमध्येही १८९८ साली स्पॅनिशांनी उपसागराच्या तोंडाशी असलेल्या दोन बेटांमधील वाट अडवण्यासाठी 'सान क्विंटिन' नावाचे जहाज बुडवले होते. बंदरांच्या तळाशी जहाजे सापडतात त्यामागे अशी कारणे असतात. आणि म्हणूनच ती पुष्कळदा धडधाकट असतात. भर समुद्रात पाणतीराने फुटलेले जहाज दुभंगून तळाशी आदळते. बंदरात बुडवलेले जहाज मात्र पाणी भरत जाऊन सावकाश बसते.

बंदराचे पाणी गढूळ का असते?

बंदर कोठे करायचे हे ठरवताना माणूस पहिल्यांदा आडोसा पाहतो. वारा अडवणारे डोंगर, लाटा थोपवणारी बेटे आणि आत संथ पाणी. पण लाटा आणि प्रवाह जसे जहाजांना त्रास देतात, तसेच ते पाणी स्वच्छही ठेवतात. उघड्या समुद्रात बारीक कण वाहून जातात, आडोशाच्या पाण्यात ते तिथल्या तिथेच घुटमळतात.

त्यात भर पडते ती डोंगरावरून येणाऱ्या ओढ्यानद्यांची. पावसाळ्यात त्या माती घेऊन येतात. ही माती किती सावकाश खाली बसते, याचा हिशेब थक्क करणारा आहे. मिलिमीटरच्या दोन सहस्रांश व्यासाचा चिकणमातीचा एकटा कण अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून अधिक काळ घेतो. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून थोडे जड होतात आणि काहीसे लवकर बसतात. पण बसलेला गाळ पुन्हा उठायला फार काही लागत नाही. एखाद्या मालवाहू जहाजाचा पंखा, गाळ उपसणारे यंत्र किंवा जवळून गेलेला एक निष्काळजी पाणबुडा पुरेसा असतो.

सुबिकच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. तेथून सुमारे ४० किलोमीटरवर पिनातुबो हा ज्वालामुखी आहे. १५ जून १९९१ रोजी त्याचा प्रचंड उद्रेक झाला. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांमध्ये त्याची गणना होते. त्याच दिवशी वादळही येऊन थडकले आणि पावसाने भिजून जड झालेल्या राखेने सुबिक परिसरातील छपरे कोसळली. ती राख उपसागरातही पडली आणि नंतरच्या पावसाळ्यांत डोंगरउतारांवरून धुऊन येत राहिली. बुडालेल्या जहाजांवर गाळाचा नवा थर चढला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, अमेरिकी नौदलाने आपला तळ कायमचा सोडला आणि सुबिक मुक्त बंदर क्षेत्र झाले. जेथे लष्करी पहारा होता तेथे पर्यटक आणि हौशी पाणबुडे येऊ लागले.

गाळाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. लोखंड गंजायला प्राणवायू लागतो. लाटांचा मारा आणि खेळते पाणी असेल तेथे गंज भराभर वाढतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि खालचे नवे लोखंड उघडे पडते. संथ पाण्यात हा क्रम मंदावतो. गाळात रुतलेल्या भागापर्यंत तर प्राणवायू फारच थोडा पोहोचतो. जे पाणी नौका दिसू देत नाही, त्याच पाण्याने ती टिकवून धरली आहे.

दोरी, दिवा आणि हवेचा हिशेब

गढूळ पाण्यात उतरण्याचे तंत्र स्वच्छ पाण्याहून वेगळे असते. पहिली गोष्ट दोरीची. उतरताना आणि चढताना दोरी हाताशी ठेवायची, कारण दिशा ओळखण्याच्या डोळ्यांच्या सर्व खुणा येथे निकामी होतात. दुसरी गोष्ट सोबत्याची. स्वच्छ पाण्यात दोघे पाणबुडे दहा मीटर अंतरावरूनही एकमेकांवर लक्ष ठेवू शकतात. येथे हात लांब करून पोहोचेल इतकेच अंतर राखावे लागते. हरवलेल्या सोबत्याला मिनिटभर शोधायचे आणि तो न सापडल्यास दोघांनीही वर यायचे, हा नियम आधीच ठरलेला असतो.

तिसरी गोष्ट दिव्याची. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात शेवाळकण आणि कुजलेल्या पानापाचोळ्याचा अंश असल्याने निळा रंगही फार खोल पोहोचत नाही. उरतो तो हिरवा. हातातला दिवा पेटवला की काळपट वाटणारा स्पंज एकदम केशरी होतो, पण दिवा फार प्रखर असेल तर उलटाच परिणाम होतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुक्यामध्ये गाडीचे प्रखर दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. येथे धुक्याच्या थेंबांची जागा मातीचे कण घेतात. म्हणून अरुंद झोताचा दिवा, तोही डोळ्यांच्या रेषेपासून जरा बाजूला धरून वापरतात.

आणि चौथी गोष्ट हवेची. 'न्यूयॉर्क' ज्या तळावर टेकली आहे तो सुमारे २७ मीटर खोल आहे. पृष्ठभागावर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे तळाशी तो ३.७ पट होतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही तेवढ्याच पटीने अधिक लागते. नेहमीच्या १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर २७ मीटरवर त्याला मिनिटाला ७४ लिटर लागतात. सगळी हवा संपवायची म्हटली तरी ३२ मिनिटे. पण सगळी संपवायची नसतेच. वर येताना मिनिटाला सुमारे नऊ मीटर याहून अधिक वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हा सर्वसाधारण शिरस्ता. श्वासाबरोबर रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा, यासाठी तो पाळायचा. घाई केली तर सोडावॉटरची बाटली एकदम उघडल्यासारखे होते. नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मज्जातंतूंत अडकतात आणि त्यातून अपंगत्व किंवा मृत्यूही ओढवू शकतो.

याच खोलीवर नायट्रोजनचा आणखी एक परिणाम जाणवू लागतो. तीस मीटरच्या आसपास अनेकांना हलकीशी गुंगी येते. मद्याच्या एखाद्या पेल्यानंतर यावी तशी ही अवस्था. धोका असा, की गुंगी आलेल्या माणसाला आपण अगदी ठीक आहोत असेच वाटत असते. गढूळ पाण्यात, अनोळखी लोखंडाशेजारी, निर्णय घेण्याची शक्ती किंचितही मंदावणे परवडणारे नसते.

आडवे झालेले जग

आतापर्यंतचे सर्व वर्णन नौकेच्या बाहेरून फिरण्याचे झाले. एवढ्या तयारीनिशी, जाणत्या मार्गदर्शकाबरोबर गेलेल्या प्रशिक्षित माणसाला हा अनुभव निर्धोकपणे घेता येतो. तोफांच्या नळ्या, त्यांच्या आडोशाला थांबलेला एखादा थोराड हेकरू, पंख पसरून स्तब्ध तरंगणारा लायनफिश, गंजलेल्या लोखंडावर फुललेले प्रवाळ, हे सारे बाहेरूनच दिसते. प्रश्न सुरू होतो तो एखाद्या उघड्या दारातून आत डोकावल्यावर.

बाहेर काही बिघडले तर वर पाण्याचा पृष्ठभाग असतो. आत शिरले की वर लोखंड असते. शिवाय नौका कुशीवर पडलेली असल्याने आतले सारे जग नव्वद अंशांत फिरलेले आहे. जी जमीन होती ती भिंत झाली आहे, भिंत छत झाली आहे, दार पायाखालचा खड्डा झाले आहे आणि जिना आडवा. घराच्या रचनेची जी सवय आपल्या मेंदूत लहानपणापासून मुरलेली असते, ती येथे फसवते. वर कोठे आणि खाली कोठे हे समजण्यासाठी पाणबुडे आपल्याच उच्छ्वासाच्या बुडबुड्यांकडे पाहतात, कारण बुडबुडे खोटे बोलत नाहीत. ते वरच जातात.

पण तेच बुडबुडे दुसरे एक काम करतात. ते छताला जाऊन आदळतात आणि कित्येक वर्षे तेथे लोंबकळत असलेला गंज खाली पडू लागतो. जमिनीवर मऊ पिठासारखा गाळ साचलेला असतो. पायातील पंख एकदा जरी खाली आपटले तरी तो ढगासारखा उसळतो. बाहेर असा ढग प्रवाहाबरोबर थोड्या वेळात सरकतो. आत पाणी हलतच नाही. तो खोलीभर पसरतो आणि राहतो. काही सेकंदांपूर्वी जेथे दार दिसत होते तेथे आता तपकिरी अंधार असतो. दिवा काचेला टेकवला तरी प्रकाश जाणवतो, पण दिसत काहीच नाही.

अशा वेळी वाचवते ती केवळ आधीच टाकलेली दोरी. जहाजात शिरण्याचे प्रशिक्षण घेतलेले पाणबुडे दाराबाहेर, मोकळ्या पाण्यात दोरीची पहिली गाठ बांधतात, आत शिरताच दुसरी बांधतात आणि फिरकीवरून ती सोडत पुढे जातात. गाळ उठला तर त्या दोरीला अंगठा आणि तर्जनीचे कडे करून, तिच्यावरचा हात न सोडता, आंधळ्याप्रमाणे चाचपत बाहेर यायचे. दिवे किमान तीन बाळगायचे. पाय बेडकासारखे आडवे मारायचे, म्हणजे पाण्याचा झोत खाली जात नाही. आणि हवेचे तीन भाग करायचे: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीसाठी राखून.

वरच्याच हिशेबाने पाहिले तर २,४०० लिटरचा एक तृतीयांश म्हणजे ८०० लिटर. २७ मीटरवर ती हवा जेमतेम अकरा मिनिटे पुरते. आणि हे शांतपणे श्वास घेणाऱ्याचे गणित झाले. घाबरलेला माणूस दुप्पट, तिप्पट वेगाने श्वास घेतो. अकराची पाच मिनिटे होतात. अंधारात, आडव्या झालेल्या दालनात, दार नेमके कोणते हे आठवण्यासाठी उरलेली पाच मिनिटे! जहाजाच्या आत होणाऱ्या अपघातांची कहाणी बहुतेक वेळा एवढीच असते. शार्क नसतो, स्फोट नसतो. एक आपटलेला पाय, उठलेला गाळ आणि न बांधलेली दोरी असते.

याच ठिकाणी एक फरक स्पष्ट करायला हवा. अलीकडे पर्यटनासाठी जहाजे मुद्दाम बुडवण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. भारतीय नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाजही सिंधुदुर्गच्या समुद्रात अशाच उपयोगासाठी महाराष्ट्राकडे सोपवण्यात आले. अशी जहाजे बुडवण्यापूर्वी स्वच्छ करतात, तेल काढून घेतात, अडकवू शकतील अशा तारा हलवतात आणि बाहेर पडण्यासाठी जागोजागी रुंद वाटा कापून ठेवतात. युद्धात बुडालेल्या जहाजाची अशी कोणी तयारी केलेली नसते. ते पाहुण्यांसाठी सजवलेले घर नसते. तारकर्लीला पहिल्यांदा स्कुबाची गोडी लागलेल्या मराठी पर्यटकाने हा फरक मनात पक्का करूनच आग्नेय आशियातील बंदरांकडे वळावे.

शेजारची कबर

सुबिकच्या तळाशी 'न्यूयॉर्क' एकटी नाही. तिच्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, ओलोंगापोच्या धक्क्यासमोर, आणखी एका जहाजाचे अवशेष आहेत. त्यांना जहाज म्हणणेही कठीण. तो वाकलेल्या लोखंडाचा ढिगारा आहे. त्याचे नाव 'ओर्योकु मारू'.

१३ डिसेंबर १९४४ रोजी हे जपानी प्रवासी जहाज मनिलाहून निघाले. वरच्या मजल्यांवर जपानी नागरिक होते, त्यात स्त्रिया आणि मुलेही होती. खालच्या कोंदट तळघरांत सुमारे १,६२० युद्धकैदी कोंबलेले होते. त्यांत बहुसंख्य अमेरिकन होते आणि पुष्कळ जण बातान आणि कोरेगिदोरच्या पाडावानंतर अडीच वर्षे कैदेत काढलेले. जहाजावर कैदी असल्याची कोणतीही खूण नव्हती. १४ आणि १५ डिसेंबरला अमेरिकी विमानवाहू नौकांवरील विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. खाली आपलीच माणसे आहेत, हे वैमानिकांना ठाऊक नव्हते. जहाज सुबिकमध्ये बुडाले. हवेअभावी, तहानेने आणि हल्ल्यांत मिळून सुमारे तीनशे कैदी मरण पावले. पोहून किनारा गाठलेल्यांना तळावरील एका टेनिस कोर्टवर उघड्यात कित्येक दिवस बसवून ठेवण्यात आले. पुढे त्यांना दुसऱ्या जहाजांतून नेण्यात आले. त्यांपैकी 'एनौरा मारू'वर ९ जानेवारी १९४५ रोजी तैवानच्या बंदरात पुन्हा अमेरिकी विमानांचाच हल्ला झाला. मनिलाहून निघालेल्यांपैकी जपानला जिवंत पोहोचलेले निम्म्याहून कितीतरी कमी होते.

युद्ध संपल्यावर जहाजांच्या वाटेत अडथळा नको म्हणून 'ओर्योकु मारू'चे अवशेष स्फोटकांनी तोडण्यात आले. बंदराला बंदर म्हणून चालायचे होते. अशा नरकजहाजांवर मेलेल्यांचे स्मारक सुबिकच्या किनाऱ्यावर उभे राहिले ते २००६ मध्ये, घटनेनंतर साठ वर्षांहून अधिक काळाने.

या दोन अवशेषांमधला विरोध पाणबुड्याला पाण्याखाली दिसत नाही, तो माहीत असावा लागतो. जी नौका रिकामी करून, ठरवून बुडवली ती जवळजवळ अखंड राहिली. ज्या जहाजात माणसे कोंडून मेली, ते मोडून सपाट झाले. गढूळ पाण्यात दोन्ही ठिकाणी हाताला लागते ते सारखेच गंजलेले लोखंड. म्हणूनच येथे उतरण्याआधी उपकरणांइतकीच इतिहासाची तपासणी आवश्यक आहे. कोणत्या लोखंडावर आपण टॉर्च रोखतो आहोत, हे माहीत नसेल तर पर्यटन आणि अतिक्रमण यांतील रेषा पुसट होते.

शंभरी जवळ येताना

युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासाठी एक करार संमत केला आणि २ जानेवारी २००९ पासून तो अमलात आला. शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेले अवशेष शक्यतो आहेत तेथेच जपावेत, त्यांचा व्यापार करू नये, असे त्याचे सूत्र आहे. दुसऱ्या महायुद्धातील जहाजे अद्याप त्या वयाची झालेली नाहीत. 'न्यूयॉर्क'च्या जलसमाधीला शंभर वर्षे २०४१ मध्ये पूर्ण होतील.

तोवर काय होऊ शकते, याचा धडा जावाच्या समुद्राने दिला आहे. २७ फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत बुडालेल्या 'डी रुइटर' आणि 'जावा' या डच युद्धनौका शेकडो खलाशांच्या कबरी होत्या. लढाईच्या पंच्याहत्तराव्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी २०१६ मध्ये पाणबुडे तेथे उतरले, तेव्हा तळावर नौकांच्या आकाराचे केवळ खळगे उरले होते! भंगारासाठी नौकाच्या नौका कापून नेल्या होत्या. एवढी मोठी चोरी करणारे टोळीने येतात. पण लहान चोरी एकटा हौशी माणूसही करतो. एखादे पितळी हँडल, एखादी काडतुसाची टोपी, कपाटात मांडायला एक आठवण. दर खेपेला एक आठवण नेली तर शेवटी आठवण्यासारखे काही उरत नाही.

मग पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. गढूळ पाण्यात लोक जातात कशासाठी? स्वच्छ पाण्यात दृश्य आयते मिळते. येथे ते मिळवावे लागते. एक मीटर पुढे सरकले की एक मीटर कळते. घाई केली तर गाळ उठतो आणि होते तेही दिसेनासे होते. इतिहासाशी वागण्याची याहून चांगली शिकवण कोणत्या वर्गात मिळणार? नौकेच्या पोटात शिरण्याचा मोह टाळून, बाहेरून, हात आवरून, हवेचा काटा पाहत केलेली अर्ध्या तासाची फेरी अपुरी वाटेल खरी. पण अपुरे पाहून सुखरूप परतलेला माणूस पुन्हा येऊ शकतो.

नौदलाच्या कागदोपत्री ती नौका 'रोचेस्टर' या नावाने बुडाली. सुबिकचे पाणबुडे मात्र आजही तिला तिच्या पहिल्याच नावाने हाक मारतात. वर मालवाहू जहाजे ये-जा करीत असतात, त्यांच्या पंख्यांनी गाळ उठतो आणि पुन्हा सावकाश तिच्या अंगावर बसतो. दोरी धरून खाली गेलेला माणूस काही मिनिटे तिच्याजवळ थांबतो, काट्याकडे पाहतो आणि वर येतो. ती तेथेच राहते. तिला तेथेच राहू द्यावे.